ऑटोला सोडलेला बॉयलर

कागद कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये एके दिवशी असं काही घडलं की सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. स्फोट झाला नाही, आग लागली नाही, कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. झालं एवढंच, की हातोबांनी ड्रमचा लूप ऑटोला टाकला आणि शिफ्ट संपेपर्यंत तसाच राहू दिला. एकदासुद्धा त्याला शिवले नाहीत!

बाहेरच्या माणसाला वाटेल, ह्यात आ वासण्यासारखं काय आहे? तर ऐका. बॉयलरच्या डोक्यावर एक लांबलचक पोलादी ड्रम असतो, त्यात पाणी. खाली आग, वर वाफ, आणि त्या वाफेवर पलीकडच्या शेडमध्ये ओला कागद वाळतो. ड्रममधलं पाणी फार खाली गेलं तर आगीतल्या नळ्या कोरड्या पडून फुटतात, आणि मग खाली काम करणाऱ्या माणसांची काय गत होईल ते बोलायलाच नको. फार वर चढलं तर वाफेबरोबर पाणीच पुढे जातं आणि तिकडे सगळा सत्यानाश. तेव्हा पाणी कायम मध्यावर हवं. ते तसं ठेवायचे मार्ग दोन. एक म्हणजे कंट्रोलर. तो पातळी बघतो, मध्यापासून किती ढळली ते मोजतो आणि त्या मानाने पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो किंवा मिटतो. पातळी, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह ह्यांची ही साखळी म्हणजे लूप, आणि ती आपली आपण चालली की तिला म्हणायचं ऑटो. दुसरा मार्ग म्हणजे कंट्रोलरला गप्प बसवायचं आणि डेस्कवरच्या माणसाने कीबोर्डवरून स्वतः व्हॉल्व्ह हलवायचा. ह्याला बॉयलर हाऊसमध्ये म्हणतात ‘हॅन्डला घेणं’. हातोबा हे नाव त्यावरूनच पडलं. ह्या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात एक लूप ऑटोला सुखाने नांदू दिला नव्हता.

बरं, हे नाव ठेवलं कोणी? त्यांच्या सख्ख्या बायकोने. ती त्याच कारखान्यात, त्याच कंट्रोल रूमच्या मागच्या खोलीत बसायची आणि तिचं कामच मुळी कंट्रोलर ट्यून करण्याचं होतं.

कंट्रोलर हा जात्याच अडाणी. किती घाई करायची, किती दम धरायचा, मागची चूक किती वेळ मनात ठेवायची, हे सगळं त्याला कोणीतरी आकड्यांत सांगावं लागतं. नवखा माणूस स्वयंपाकाला उभा राहिला की मीठ टाकतो, ते विरघळायच्या आत चव घेतो, कमी वाटलं म्हणून आणखी टाकतो, आणि मग सगळं खारट झालं म्हणून वर पाणी ओतत बसतो. ट्यून न केलेला कंट्रोलर अगदी असाच वागतो. व्हॉल्व्ह सताड उघड, गच्च मीट, पुन्हा उघड. ह्या बाईंनी एकेकाला धरून शहाणं केलं होतं. आणि एकदा शहाणं केलेल्या लूपला कोणी हात लावला की त्यांचं टाळकं सटकायचं. सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न, “कोणी हात लावला?” म्हणून माघारी त्यांना सगळे सासूबाई म्हणायचे. त्यांनाही ते ठाऊक होतं. मनातून आवडायचंसुद्धा.

तर अशी ही जोडी. सासूबाईंनी लूप ऑटोला टाकून पाठ वळवली, की हातोबा हॅन्डला घेणार. त्या परत ऑटोला टाकणार, हे परत हॅन्डला घेणार. हेच भांडण मग डब्याच्या पिशवीतून घरी यायचं.

“माझ्या लूपला हात लावलात?”

“तुझा लूप डुलक्या काढत होता.”

“तो डुलक्या काढत नव्हता, दम धरून होता. तुम्हाला धरवत नाही त्याला मी काय करू?”

“वाफेची ओढ वाढली की ड्रममधलं पाणी आधी खोटं फुगतं. फुगतं आणि मग बसतं. हे तुझ्या त्या कंट्रोलरला कळतं का?”

“कळतं! म्हणून तर त्याला पातळीबरोबर वाफ आणि पाणी दोन्हीचे आकडे बघायला लावलेत. तो एका वेळी तीन आकडे बघतो.”

“मीही तीन बघतो. आणि मला पगारही आहे.”

ह्यावर सासूबाई भांडं आपटायच्या. एकदा इन्चार्ज साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं होतं, “तुमच्या घरातला गीझर तरी ऑटोवर चालतो का हो?” सगळे खो खो हसले. हातोबा सगळ्यात जास्त हसले.

म्हणूनच त्या दिवशी, सकाळपासून लूप ऑटोला आहे आणि डेस्कवर हातोबाच बसलेत, हे पाहिल्यावर सासूबाईंचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांनी दोनदा स्क्रीन बघितली. कीबोर्ड बिघडलाय का विचारलं. हातोबा म्हणाले, “नाही गं. चाललंय की छान. चालू दे.”

चालू दे! दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यात तेच. ड्रमची पातळी आखल्यासारखी सरळ जात होती आणि हातोबा हात मांडीवर ठेवून शांत बसले होते. सासूबाईंच्या पायाला भिंगरी लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन जागा बदलल्या, मुलगी सासरी गेली, पण ‘तुझं काम बरोबर आहे’ हे चार शब्द ह्या माणसाच्या तोंडून निघाले नव्हते. आता तोंडाने नाही, पण हाताने तरी म्हणाला. त्यांनी कॅन्टीनमध्ये केक आणून वाटला. विचारेल त्याला सांगितलं, न विचारेल त्यालाही सांगितलं. “ह्यांनी हात काढला बरं का, ह्यांनी!”

आणि घरी तर आणखीच कमाल. रस्त्याने सुसाट स्कूटर हाणणारा माणूस, एकाएकी म्हणाला, “कंपनीची बस आहे ना, तीच बरी.” स्कूटरवर चादर घातली ती घातलीच. टीव्हीचा रिमोट सोडला. स्वयंपाकघरात मध्येमध्ये लुडबूड करायचा, ती सोडली. आणि सगळ्यात वर कडी म्हणजे संध्याकाळी फिरायला निघाले की फाटकाबाहेर पडल्या पडल्या बायकोचा हात धरायला लागला! पहिल्या दिवशी सासूबाईंनी हात झटकून टाकला. “अहो, लोक बघतायत.” हे म्हणाले, “बघू देत.” आणि पुन्हा धरला. मुलीला फोनवर सांगताना सासूबाई ह्या वयात चक्क लाजल्या. मुलगी म्हणाली, “आई, बाबांना झालंय तरी काय?” आणि दोघी कितीतरी वेळ हसत राहिल्या.

असे बरेच महिने गेले. मग बॉयलरच्या पाण्याच्या लाइनवर नवा व्हॉल्व्ह बसवला.

व्हॉल्व्ह नवा म्हटल्यावर ट्यूनिंग नवं. त्यासाठी आधी धक्का द्यावा लागतो. म्हणजे लूप हॅन्डला घ्यायचा, व्हॉल्व्ह मुद्दाम थोडासा मिटायचा, आणि पातळी किती वेळाने, किती वेगाने खाली येते ते बघायचं. त्यावरून कंट्रोलरचे आकडे ठरतात. सासूबाई मागच्या खोलीत आपल्या संगणकापुढे बसल्या. त्यांच्या आलेखावर फक्त पातळी आणि व्हॉल्व्ह एवढंच होतं. बाकी सगळ्यावर लक्ष ठेवायचं ते डेस्कवरच्या माणसाने. धक्का चालू असताना वाफेची ओढ वाढली, तर त्याने ओरडून सांगायचं आणि पाणी परत सोडायचं. हा नेम सासूबाईंनीच घालून दिला होता. मधलं दार उघडं होतं, डेस्कवर हातोबा होते. आता त्यांच्याइतका हॅन्डला मुरलेला माणूस दुसरा कोण मिळणार?

“घ्या हॅन्डला. थोडा मिटा.”

“मिटला.”

पातळी हळूहळू खाली येऊ लागली. सासूबाई खुशीत होत्या. आणि एकाएकी, खाली येणारी रेघ वर वळली. जराशीच. पाणी मिटलेलं असताना पातळी वर कशी जाईल? खोटी फुगी. तिकडे कागदाच्या शेडने वाफ ओढली होती.

“अहो, वाफ वाढली का?”

उत्तर नाही.

“वाफ किती झाली, बघा!”

“बघतोय... थांब.”

“थांब काय? समोर आहे ना?”

फुगी बसली आणि पातळी सरळ खाली निघाली. तेवढ्यात हॉर्न वाजला. सासूबाई खुर्ची मागे ढकलून धावल्या. दारातून त्यांना जे दिसलं ते बघून क्षणभर त्यांना काही समजलंच नाही. मोठ्या स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी लाल चौकट धडधड उघडमीट करत होती. पातळी खाली गेली, पाणी सोडा, पाणी सोडा. आणि हातोबा नाक स्क्रीनला टेकवून, डाव्या बाजूने एकेका आकड्यावर बोट ठेवत, शाळेतली मुलं वाचतात तसे ओठ हलवत वाफेचा आकडा शोधत होते. लाल चौकटीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. हॉर्न बोंबलत होता, कपाळावरून घाम गळत होता आणि बोट सावकाश खाली सरकत होतं.

त्या धावत जाऊन त्यांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल अशा उभ्या राहिल्या, हात लांब केला आणि लूप ऑटोला टाकला. व्हॉल्व्ह उघडला, पाणी आलं, पातळी थांबली आणि वर चढायला लागली.

तेव्हा कुठे त्यांचा हात हातोबांच्या नजरेसमोर आला असावा. ते दचकून मागे झाले.

“कोण? कोण आहे?”

खांद्याशी उभी असलेली बायको ह्या माणसाला दिसत नव्हती.

हॉर्न ऐकून इन्चार्ज साहेब पळत आले. हातोबा तोवर सावरून बसले होते. “काही नाही साहेब, धक्का जरा मोठा दिला ह्यांनी,” असं हसत म्हणालेसुद्धा. सासूबाई काही बोलणार नाहीत ह्याची त्यांना खात्री होती. पण खाली बॉयलरपाशी त्या वेळी माणसं राख काढत होती, हे सासूबाईंना माहीत होतं. त्या म्हणाल्या, “साहेब, ह्यांना डेस्कवरून उठवा. ह्यांना दिसत नाहीये.”

साहेबांना वाटलं नवराबायकोची चेष्टा चाललीय. मग त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला.

“अहो, चष्म्याचा नंबर वाढलाय, बाकी काही नाही!” हातोबा ताडकन उठले आणि त्यांची मांडी ड्रॉवरच्या कडेला आपटली. “डॉक्टरचा कागद आणतो, सोमवारी पुन्हा बसतो.”

“डॉक्टरने ठीक म्हटलं तर अवश्य बसा,” साहेब म्हणाले.

घरी आल्यावर हातोबांचा पारा चढला. चार माणसांत बायकोने आपल्याला उठवलं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग एवढंच विचारलं, “कधीपासून?”

बराच वेळ ते टेबलाची कड चाचपत राहिले.

“समोरचं दिसतं गं. अगदी स्वच्छ दिसतं. सुईत दोरा ओवून देतो तुला. कडेचं दिसत नाही. पाइपातून बघतोय असं वाटतं. एक आकडा बघावा तर बाकीचे दोन नाहीसेच होतात. आधी वाटलं, वय झालं. मग एक दिवस पातळी बघत बसलो आणि वाफ कधी चढली ते कळलंच नाही. बोबडी वळली माझी. तसाच ऑटोला टाकला.”

“त्या दिवशी?”

“त्याच दिवशी. घरी येऊन तुला सांगणारच होतो, देवाशपथ. चप्पल काढतोय तोवर तूच सुरू झालीस. ‘अखेर पटलं ना तुम्हाला!’ इतकी खूश तुला मी लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर तू केक घेऊन निघाली होतीस.”

सासूबाई तिथेच खुर्चीवर बसल्या. केक! ह्या माणसाचे डोळे चालले होते आणि त्या सगळ्या कारखान्याला केक वाटत होत्या. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. स्कूटर. रिमोट. स्वयंपाकघरातली लुडबूड का थांबली, तर कपाटाचं उघडं दार कपाळाला लागायचं म्हणून. आणि तो हात. त्यांना विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

“आणि फिरायला जाताना माझा हात...”

हातोबा म्हणाले, “तू बाजूने चालतेस ना, ती दिसत नाहीस. फुटपाथची कडही दिसत नाही.”

सासूबाईंना रडू आलं नाही, राग आला. स्वतःचा आला. त्या नव्या इंजिनियरांना पहिल्याच दिवशी सांगायच्या, अरे, पातळीची रेघ सरळ दिसली म्हणून भुलू नका. तिच्याखालची व्हॉल्व्हची रेघ बघा. वरचं सरळ ठेवायला खालचा बिचारा किती धावतोय, ते बघा. आजार असला तर तिथे दिसेल. आणि घरात इतके महिने त्या वरची सरळ रेघ बघून नाचत होत्या. खालचा धावून धावून मेटाकुटीला आला होता, पायऱ्या पाठ करत होता, कपाटाची दारं चाचपत होता, आणि सासूबाईंना पत्ता नाही. हे त्या मोठ्याने बोलल्याही. हातोबा म्हणाले, “जाऊ दे गं.”

जाऊ दे कसं? पण खरा धक्का अजून पुढेच होता. थोड्या वेळाने हातोबा समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे बघ, नाहीतरी बॉयलर तूच चालवतेस. सगळं ऑटोला आहे, आणि झकास चालतंय. तिथे काम काय, नुसतं बसायचं. तेवढं जमतंय मला. कोणाला कळलं होतं का इतके दिवस? तू आज धक्का दिला नसतास तर आजही कळलं नसतं. रिटायर होईपर्यंत एवढं झाकून ने.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसाने त्यांच्या कामाचं कौतुक केलं होतं, आणि ते ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. खरंच की. लूप थोडा कच्चा ठेवला असता, तर पहिल्याच आठवड्यात हातोबांना हात घालावा लागला असता आणि पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. त्यांनी इतका चोख ट्यून केला होता, की त्याच्या आड एक आंधळा होत चाललेला माणूस बिनबोभाट बसून राहिला.

“उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे,” त्या म्हणाल्या. “आणि तिथे जे निघेल ते निघेल.”

डॉक्टर तरुण होता आणि बोलका होता. डोळ्यांत बॅटरी मारून बघेपर्यंत बोलत होता. मग गप्प झाला. डोळ्याचा दाब मोजला, पुन्हा मोजला. हातोबांनी विचारलं, “नंबर किती वाढला?”

“नंबराचा प्रश्न नाहीये, काका. डोळ्यातला दाब वाढलाय. बरेच दिवस वाढलेला असणार. त्या दाबाने मागची नस सुकत जाते. कडेकडेने जाते, म्हणून माणसाला लवकर समजत नाही.”

“मग औषध द्या ना.”

“देतो. पण जेवढी नजर गेली तेवढी परत येत नाही. राहिलेली मात्र राखता येते. किती राहिलीय, त्यावर औषध ठरेल की ऑपरेशन, ते ठरेल. म्हणून आधी एक तपासणी करू.” मग त्याने सासूबाईंकडे बघून, अगदी सहज विचारलं, “काहीच लक्षात आलं नाही का तुमच्या? काही महिने आधी आला असतात तर...” आणि त्यांचा चेहरा बघून त्याने वाक्य तिथेच सोडलं.

तपासणीची खोली अंधारी होती. एक पांढरी, आतून पोकळ घुमटी, तिच्यात तोंड घालून बसायचं. एक डोळा झाकलेला, दुसऱ्याने मधल्या ठिपक्याकडे बघायचं. घुमटीत कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. दिवा कुठे लागला ते तपासणाऱ्या बाईंच्या स्क्रीनवर दिसायचं. सासूबाईंना त्यांनी मागे स्टुलावर बसू दिलं.

सुरू झालं. दिवा, टक्. दिवा, टक्. दिवा, टक्. सासूबाई श्वास रोखून स्क्रीनकडे बघत होत्या. वर लागला, टक्. पार कडेला लागला, तरी टक्! त्यांच्या जिवात जीव आला. अहो, दिसतंय की! डॉक्टरचंच चुकलं असेल. सोमवारी हातोबा डेस्कवर बसतील, हॅन्डला घेतील, भांडण होईल. त्यांनी मनात इतकंसुद्धा म्हटलं, की घेऊ देत बापडे हॅन्डला, जन्मभर घेऊ देत.

मग तपासणाऱ्या बाईंच्या कपाळावर आठी पडली. यंत्र मधेच मुद्दाम एक खेप रिकामी सोडतं, दिवा लावतच नाही. तेव्हाही टक् झालं होतं. पुन्हा रिकामी, पुन्हा टक्. ठरलेल्या वेळाने, घड्याळासारखं.

सासूबाईंना एका झटक्यात समजलं. हातोबांनी यंत्राची लय पकडली होती. आयुष्यभर बॉयलरची नाडी ओळखून व्हॉल्व्ह हलवणारा माणूस. दिवा किती वेळाने येतो ते त्यांनी पहिल्या काही खेपांत हेरलं होतं आणि आता अंदाजाने बटण हाणत होते. कागद चांगला निघावा म्हणून! त्या कागदावरून डॉक्टर औषध ठरवणार होता. होती नव्हती तेवढी नजर ह्यात गेली असती.

“दाबू नकोस रे!”

त्या ओरडल्याच. लग्नापासून अहो-जाहो केलेलं तोंड, पण त्या क्षणी ते तसं निघालं. “दाबू नकोस! दिसला तरच दाब. खोट्या डोळ्याला औषध मिळेल, आणि खरा जाईल!”

तपासणाऱ्या बाई त्यांना बाहेर काढायला उठल्या. पण घुमटीच्या आतून हातोबांचा आवाज आला, “राहू द्या त्यांना.” आणि जरा वेळाने, “पहिल्यापासून घ्या.”

यंत्र पुन्हा सुरू झालं. मधोमध एक दिवा लागला, टक्. त्याच्या शेजारी एक लागला, टक्. मग जरा बाजूला लागला, आणि काहीच आवाज आला नाही. वर लागला. काही नाही. खाली, डावीकडे, उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात. स्क्रीनवर एकेक दिवा लागून विझत होता आणि खोलीत शुकशुकाट होता. सासूबाईंनी पदर तोंडात धरला. इतकं गेलं होतं? इतकं सगळं?

घुमटीत मान न हलवता हातोबांनी हळूच विचारलं, “अगं, बराच वेळ दिवा आला नाही. यंत्र बंद पडलं का?”

तपासणाऱ्या बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं.

“चालू आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“म्हणजे आत्ता लागला होता?”

“हो.”

“आणि आत्ता?”

“आत्ताही.”

हातोबांनी बटणावरचा अंगठा उचलला नाही, दाबलाही नाही. समोरच्या ठिपक्याकडे बघत ते तसेच बसून राहिले.

“तू सांगत राहा,” ते म्हणाले. “मला कळू दे.”

आणि सासूबाई स्टूल पुढे ओढून बसल्या आणि प्रत्येक दिव्याला, आवाज कापू न देता, सांगत राहिल्या. होता. होता. हाही होता.